जीपच्या काचेचं रबर : मृगाआधी उरकायचं काम



गळीत संपलं, आता गळतीकडे बघायला सवड झाली. मे महिन्यात खोडव्याची पाचट सरीत दाबणं, बगला फोडणं, हळदीच्या बेण्याची निवड, केळीच्या खड्ड्यांची आखणी ही कामं आपण न चुकता करतो. पण दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपकडं कोणाचं लक्ष जात नाही. ती चालू होते, चिखलातून निघते, एवढ्यावर आपलं समाधान. मग मृगाचा पहिला दणका बसला की समोरच्या काचेच्या खालून धार लागते, ड्रायव्हरचे गुडघे भिजतात, आणि आपण डॅशबोर्डवर युरियाची रिकामी गोणी टाकून गाडी हाणतो.

आमच्या शेतकी विभागाच्या फिरतीत अर्धापूर, मालेगाव, येळेगाव भागातल्या वस्त्यांवर अशा जीपा नेहमी दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "गळू द्या की साहेब, जीपच हाय ती!" या उत्तरावर आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, गळणं हा जीपचा गुण नाही, तो वाळलेल्या रबराचा दोष आहे. दुसरी, हे पाणी फक्त गुडघ्यावर पडून थांबत नाही.

जीप आपल्याकडं टिकली कशी

विलिस कंपनीची जीप 1941 पासून अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार होऊ लागली. 1940 च्या दशकाअखेर महिंद्रा कंपनीनं तिची मुंबईत जोडणी सुरू केली आणि पुढं हीच गाडी सरकारी खात्यांत, साखर कारखान्यांत आणि शेतकऱ्यांच्या दारात आली. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात मोटारगाडी जात नाही आणि मोटारसायकल रुतते. चारही चाकं ओढणारी जीप तेवढी वाट काढते. म्हणून नवीन गाड्या आल्या तरी कित्येक सभासदांनी जुनी जीप विकली नाही.

या जुन्या जीपची समोरची काच तिच्या लोखंडी चौकटीसह बॉनेटवर आडवी पाडता येते. मूळ लष्करी गरजेपोटी केलेली ही सोय आहे. त्यामुळं इथं रबर दोन जागी आलं. एक काच आणि चौकट यांच्यामध्ये. दुसरं चौकटीच्या बुडाशी, म्हणजे चौकट आणि बॉनेटमागचा पत्रा यांच्यामध्ये. पुष्कळ जण काचेचं रबर बदलतात आणि गळती तशीच राहते, कारण दोष बुडच्या रबरात असतो. म्हणून आधी शोध, मग खर्च.

नुकसान कुठं होतं

काचेखालून आलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागं उतरतं. तिथं दिव्यांच्या स्विचच्या, फ्यूजच्या आणि मीटरच्या वायरी असतात. जुन्या वायरींचं वेष्टण तडकलेलं असतं, जोडांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो आणि एक दिवस दिवे दगा देतात. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या गटातल्या एका सभासदाच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. रस्त्यावर पाणी, रुग्णवाहिका वस्तीपर्यंत येईना, म्हणून जीप काढली. पांदीतून डांबरी रस्त्याला लागायच्या आत दोन्ही दिवे गेले. धाकटा भाऊ बॅटरी घेऊन पुढं चालत राहिला आणि जीप त्याच्या मागं. बाळबाळंतीण सुखरूप आहेत ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्यानं डॅशबोर्ड खोलला तेव्हा फ्यूजच्या पट्टीवरून पाण्याचे ओघळ गेलेले स्पष्ट दिसत होते. काच तीन पावसाळे गळत होती.

उरलेलं पाणी पायाखालच्या मॅटच्या आत मुरतं. वरून मॅट कोरडी दिसते आणि खालचा पत्रा कुजत राहतो. पत्र्याला भोक पडलं की डेंटरचं काम निघतं, आणि ते रबराच्या कितीतरी पट महागात जातं. शिवाय आत दमट हवा कोंडली की काचेवर वाफ धरते. नांदेड-हिंगोली रस्त्यावर रात्री समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात तेव्हा वाफाळलेल्या काचेतून काय दिसणार?

पाणी शिरतं कुठून ते शोधा

शेततळ्याचा बांध पाझरतो तेव्हा ओल एका जागी दिसते आणि घुशीचं बीळ दुसरीकडंच असतं. काचेचंही तसंच आहे. वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी चौकटीच्या पोकळीतून उतरून खालच्या स्क्रूच्या भोकातून बाहेर पडतं, आणि आपण दोष देतो खालच्या रबराला.

ही पाहणी दोघांनी करावी. गाडी सपाट जागी उभी करा. आतल्या बाजूनं काचेच्या कडेला आणि चौकटीच्या बुडाशी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावा. एकानं बॅटरी घेऊन आत बसावं. दुसऱ्यानं बाहेरून तांब्यानं किंवा साध्या नळीनं पाणी सोडावं, फवाऱ्याच्या जोरानं नव्हे. सुरुवात खालून करा : आधी बुडचं रबर, मग काचेची खालची कड, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी वरची कड व ताडपत्रीचा जोड. प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबा. ज्या जागेवर पाणी सोडल्यावर कागद भिजू लागेल ती जागा दोषी. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

बुडच्या रबराची आणखी एक सोपी परीक्षा आहे. चौकट उचलून तिच्याखाली कागदाची पट्टी ठेवा, चौकट बसवून दोन्ही बाजूंच्या कड्या आवळा आणि पट्टी ओढा. पट्टी अडून अडून आली तर रबर दाबलं जातंय. सहज सरकून आली तर रबर चपटं झालंय किंवा कड्या नीट आवळत नाहीत. नवीन रबर आणण्याआधी कड्या आणि बिजागरीचे बोल्ट बघा. कधीकधी एवढ्यावरच काम भागतं.

रबर का वाळतं

ठिबकच्या उघड्या पडलेल्या नळ्या दोन-चार उन्हाळ्यांत कशा कडक होऊन तडकतात ते आपण बघतो. काचेच्या रबराचंही तेच होतं. ऊन त्याचा मऊपणा काढून घेतं, ते आकसतं, आणि कोपऱ्यात फट पडते. त्यात काही मंडळी रबर चमकावं म्हणून डिझेल किंवा जुनं ऑइल फासतात. त्यानं रबर आधी फुगतं आणि मग लवकर मरतं. रबराला साबणाचं पाणी चालतं, तेल चालत नाही.

बाजारात मिळणारी सिलिकॉनची नळी वरून फासणं हाही उपाय नव्हे. वाळलेल्या, धुळकट रबरावर ती धरत नाही. उलट आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि चौकट आतून गंजते. लिंपण वरवर केलं, खालची भिंत पोखरलेलीच.

काम कसं करावं

अंगावर काच येऊ शकते म्हणून हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. वारं सुटलेलं असताना काम करू नये आणि पोरंसोरं लांब ठेवावीत.

1. बॅटरीची अर्थिंगची वायर सोडा. वायपरच्या काड्या, आणि आड येत असेल तर वायपरची मोटार काढा. वायरींना चिठ्ठ्या बांधून ठेवा.

2. रबरात मधोमध लॉक पट्टी असेल तर तिचं टोक उचलून ती ओढून काढा. मग धारदार पात्यानं जुनं रबर कापा. ते वाचवायच्या नादाला लागू नका. पेचकसानं काच उचकटली तर कडेला बारीक चीर जाते आणि पुढं पहिल्याच गचक्याला काच फुटते. एकानं आतून दोन्ही तळव्यांनी हळूहळू दाब द्यावा, दुसऱ्यानं बाहेरून काच धरावी. काही जुन्या जीपांत काच स्क्रूनं आवळलेल्या आतल्या चौकटीत असते. तिथं आधी स्क्रू काढावेत.

3. आता चौकट बघा. खरं काम इथंच आहे. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं गंज उजळ पत्रा दिसेपर्यंत घासा. भोक असेल तर डेंटरकडून भरून घ्या. रेड ऑक्साइडचा हात, वर रंग, आणि पूर्ण वाळू द्या. गंजावर नवीन रबर बसवणं म्हणजे हुमणी लागलेल्या रानात औषधपाणी न करता पुन्हा लागण करणं. चौकट वाकलेली असेल तर ती आधी सरळ करा, नाहीतर नवी काचसुद्धा तडकेल.

4. नवीन रबर घेताना जुन्याचा वीतभर तुकडा दुकानात घेऊन जा. काचेची जाडी आणि पत्र्याची जाडी यांना बसणारे दोन खाचे वेगवेगळे असतात. नुसतं "जीपचं रबर द्या" म्हटलं तर दुसऱ्याच मॉडेलचं गळ्यात पडतं.

5. रबर कोमट पाण्यात ठेवून मऊ करा आणि काचेभोवती बसवा. लांबी ओढून जुळवू नका. उलट एक-दोन सेंटिमीटर जास्त ठेवून टोकं एकमेकांवर दाबून बसवा, कारण रबर पुढं आकसतं. पाणी खाली साचतं, म्हणून जोड वरच्या बाजूला मधोमध ठेवा.

6. रबराच्या बाहेरच्या खाचेत चौफेर मजबूत नायलॉनची दोरी बसवा. तिची दोन्ही टोकं खाली मधोमध, आतल्या बाजूला सोडा. चौकटीला साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून काच चौकटीवर टेकवून तळव्यानं दाबावी, दुसऱ्यानं आतून दोरीचं एक टोक हळूहळू ओढावं. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. जिथं दोरी ओढली जाते तिथंच बाहेरून दाब हवा. बुक्की किंवा हातोडी वापरू नये.

7. शेवटी लॉक पट्टी साबणाच्या पाण्यानं भरा. ती भरायची कडीची मूठ मिस्त्रीकडं मिळते. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न वाळणारी काळी पेस्ट बारीक धारेनं भरली तर उत्तम. एक दिवस जाऊ द्या आणि मग तांब्याची परीक्षा पुन्हा घ्या.

काचेबद्दल एक सूचना

काच निघालीच आहे तर तिच्या कोपऱ्यातला शिक्का बघा. शिक्का नसलेली साधी काच असेल तर तीच पुन्हा बसवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 100 प्रमाणं गाडीला सुरक्षा काच लागते, आणि समोरच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत आला पाहिजे. दोन थरांमध्ये पातळ पडदा असलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी जागेवर चिकटून राहते, तिचे भाले होत नाहीत. जीपची काच सपाट असल्यामुळं ती मापानं कापून मिळते. फक्त जाडी रबराच्या खाचेत बसते का ते आधी बघावं.

ज्या सभासदांकडं नवीन गाड्या आहेत त्यांनी मात्र हा प्रयोग घरी करू नये. त्यांच्या काचा रबरात नसून चिकटद्रव्यानं बॉडीला जोडलेल्या असतात आणि त्या बॉडीला मजबुती देतात. ते काम जाणत्या दुकानातच करून घ्यावं.

जीपचं हे काम दोन माणसांचं आहे. चौकटीचा रंग वाळायला लागणारा वेळ धरून दोन-तीन दिवसांत उरकतं. मृग निघायला अजून अवकाश आहे. आपल्या वस्तीवरून पावसाळ्यात दवाखान्याला जाणारी तीच एक गाडी असेल, तर ती शेजाऱ्यांचीही आहे असं समजावं. सभासदांनी या आठवड्यात एक तांब्या पाणी आणि जुना पेपर घेऊन आपापली काच तपासून घ्यावी, ही नम्र विनंती.