पार्ट्यांचे पत्ते गेले? आधी ते होते कुठे ते पाहा

सुरतजवळ उधना आणि सचिन या स्टेशनांच्या मधलं भेस्तान; आजूबाजूला कापडाचे कारखाने. इथल्या ऑफिसांत खानदेशातून आलेली मराठी माणसंही बिलं, चलनं आणि ईमेल सांभाळतात. विंडोज नव्याने टाकलं की ‘सगळ्या पार्ट्यांचे पत्ते उडाले’ ही ओरड ठरलेली. पुष्कळदा ते उडालेले नसतात. आपण चुकीच्या जागी शोधत असतो.

गैरसमज: दोन अक्षरं टाकताच पत्ता सुचतो, म्हणजे तो कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह आहे.
वस्तुस्थिती: आउटलुकची सुचवण्यांची यादी वेगळी असते. ज्यांना मेल पाठवतो, त्यांचे पत्ते तिच्यात जमत जातात. कॉन्टॅक्टच्या बॅकअपमध्ये ती येत नाही. जीमेल असे पत्ते ‘अदर कॉन्टॅक्ट्स’मध्ये ठेवतं, थंडरबर्ड ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’मध्ये.

गैरसमज: आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल कॉपी केली की यादीही आली.
वस्तुस्थिती: आउटलुक २००७ पर्यंत यादी एनके२ नावाच्या स्वतंत्र फाइलीत असे, त्यामुळे ती मागेच राहायची. २०१० च्या आवृत्तीपासून ती मेलबॉक्समध्ये किंवा पीएसटीत लपवलेली असते आणि तिची प्रत ‘रोमकॅश’ फोल्डरमध्ये ‘स्ट्रीम ऑटोकंप्लीट’ फाइलीत असते. जुनी हार्डडिस्क शाबूत असेल, तर क्लासिक आउटलुक बंद करून तिच्यावरची ही जुनी फाइल नव्या फाइलीच्या जागी, नव्या फाइलीचंच नाव देऊन ठेवता येते. त्याआधी नव्या फाइलीची प्रत काढून ठेवावी. म्हणूनच, पत्ते हाती लागेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.

गैरसमज: यादी पुसली गेली, आता उपाय नाही.
वस्तुस्थिती: पाठवलेल्या प्रत्येक मेलवर पत्ता असतोच, ‘सेंट’ फोल्डर चाळा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये गेल्या ३० दिवसांतले बदल मागे घेता येतात. मात्र त्या काळात नव्याने जोडलेले कॉन्टॅक्ट त्यामुळे पुसले जातात, म्हणून ते आधी एक्स्पोर्ट करा.

गैरसमज: यादीतून परत मिळालेला पत्ता बरोबरच असणार.
वस्तुस्थिती: यादीला खरं-खोटं कळत नाही. घाईत चुकीचा टाइप केलेला पत्ताही तिच्यात राहतो. एका अक्षराच्या फरकाने बनवलेल्या खोट्या पत्त्याला उत्तर दिलं, तर पुढच्या वेळी तोही सुचवला जातो. म्हणून परत मिळालेला प्रत्येक पत्ता जुन्या बिलाशी ताडून मगच कॉन्टॅक्टमध्ये घ्या. ‘आमचं बँक खातं बदललं’ अशी मेल आली, तर जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.