स्फोट तारापूरला, वाट पाहणं परमुलखात

संक्रांत चार दिवसांवर आली होती. शनिवार, ११ जानेवारी २०२० ची संध्याकाळ, सातचा सुमार. तारापूर औद्योगिक वसाहतीत, कोलवडे गावच्या हद्दीत असा आवाज झाला, की बोईसर परिसरातली माणसं भूकंप झाला म्हणून घराबाहेर धावली. ए. एन. के. फार्मा या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता. कारखान्याचं बांधकाम अजून चालूच होतं. इमारत कोसळली आणि ८ माणसं गेली. शासनानं वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली.

आपल्या भागाला हा आवाज नवा नव्हता. ८ मार्च २०१८ च्या रात्री इथल्याच आगीत ३ कामगार गेले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी ३ गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कारखान्यात वायू गळला, त्यात ४ जणांचा जीव गेला. दर खेपेला अग्निशमन दलाच्या गाड्या येतात, पुढारी भेट देतात, चौकशीचा आदेश निघतो. आठ दिवसांनी गावातली फुटलेली तावदानं बदलून होतात नि बोलणं थांबतं.

मग मयताच्या घरचे कुठं असतात? बहुतेक उत्तर प्रदेशात, नाहीतर बिहारमध्ये. मृतदेह घेऊन गेलेला भाऊ पुन्हा बोईसर स्टेशनला उतरतोच असं नाही. तिकिटाला पैसे हवेत, मजुरी बुडते, इथं ओळखीचं कुणी नाही. आणि ज्या फाइलीसाठी कुणी हेलपाटे घालत नाही, ती फाइल तळाशी जाते. हे सरकारी कचेरीत बसणाऱ्याला आम्ही सांगायला नको.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचं उदाहरण पाहा. १३ जून १९९७ ला तिथल्या आगीत ५९ जण गुदमरून मेले. नातेवाइकांनी संघटना केली आणि वर्षानुवर्षं तारखेला हजेरी लावली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालकांना मिळून ६० कोटींचा दंड केला. त्यांना पुन्हा तुरुंगात मात्र धाडलं नाही, त्यामुळे आईबापांचं समाधान झालं नाही ते नाहीच. भोपाळची वायुगळती १९८४ ची, फौजदारी निकाल ७ जून २०१० चा आणि शिक्षा २ वर्षांची. तरी दिल्ली-भोपाळची माणसं एका शहरात होती, एकमेकांना धरून होती. आपल्याकडच्या ८ घरांना एकत्र बसवायचं तर कुठल्या गावी बसवणार?

आता पैशाचं. इथंच सगळ्यात मोठी गल्लत होते. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेली रक्कम ही मदत. नुकसानभरपाई वेगळी, आणि तो कामगाराच्या वारसाचा हक्क आहे. २०२० सालच्या अपघाताला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. वय ३० आणि पगार महिना १५ हजार धरला, तर त्या कायद्याच्या तक्त्यानं निम्मा पगार गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. महिन्याभरात भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. माणूस ठेकेदाराचा होता, आमचा नव्हे, असं म्हणून मूळ मालकाला अंग काढून घेता येत नाही. कामगार ईएसआयमध्ये असेल तर हा दावा चालत नाही. त्याच्या वारसांना तिथून दरमहा निर्वाह मिळतो.

अपघातानंतर गेटवर बोलणी होतात, हे आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? शवागारात प्रेत असताना चार माणसं मध्ये पडतात, एक आकडा ठरतो, कागदावर अंगठा घेतला जातो. पण त्याच कायद्याचं कलम ८ सांगतं, की मृत्यूची भरपाई आयुक्ताकडंच जमा करायची. मालकानं परस्पर वारसाच्या हातात ठेवली तर ती भरपाई दिली असं धरलंच जात नाही. हक्क सोडल्याचा करारही टिकत नाही. हे त्या बाईला त्या वेळी कोण सांगणार? मध्ये पडणारे तर सांगत नाहीत.

दाव्याची मुदत २ वर्षांची. १९९५ च्या दुरुस्तीनंतर वारसाला आपल्या राहत्या जिल्ह्यातही दावा लावता येऊ लागला, पालघर-ठाण्याला येण्याची सक्ती राहिली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली, त्यापुढच्या अपघातांना ती पाहावी लागेल. कारखाने कायद्याखालचा खटला तर याहून घाईचा होता. गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून ३ महिन्यांत तक्रार कोर्टात गेली नाही, तर कोर्ट दखलच घेत नसे. परमुलखातल्या विधवेचं सुतकातून डोकं वर निघेपर्यंत ते ३ महिने सरतात.

मात्र दावा कुठंही लावा, कागद इथलाच लागतो. प्रथम खबरीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, हजेरीपटाचा पुरावा. हजेरीपटावर नाव नसेल तर खोलीमालकाचा, किराणा दुकानदाराचा जबाब उपयोगी पडतो, आणि ही माणसं आपल्याच गावची आहेत. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी मृतदेह गावाकडं रवाना होण्याआधी वारसाचं नाव, पूर्ण पत्ता नि फोन एका वहीत उतरवून घेतला, तरी पुष्कळ काम झालं. याला ना निधी लागतो, ना ठराव.

आणि मृत्यूची नोंद. ती मूळ गावी होत नाही, मृत्यू जिथं झाला तिथल्या निबंधकाकडंच होते. गावात झाला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांकडं. घाईत, ठेकेदारानं सांगितलं तसं नाव लिहिलं जातं. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं. मग ती दुरुस्ती करायला दीड हजार किलोमीटरवरून कुणीतरी यावं लागतं, आणि आलं त्या दिवशी साहेब मीटिंगला पालघरला गेलेले असतात.