पोटात उठतो तो गोळा

बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत ऐकू येतात तसे दोन संवाद नमुन्यादाखल घेऊ.

"काय होतंय, मावशी?"
"पोटात गोळा उठतोय, साहेब."
"कधीपासून?"
"पोरगी नांदायला गेली तवापासून."

आणि दुसरा. तक्रार तीच, गोळ्याची. सोनोग्राफीत काही निघालेलं नाही. डॉक्टर विचारतात, "घरात काही झालं होतं का?" "मालक गेले. सहा महिने झाले." "मग मनाला काय वाटतं?" बाई गोंधळून बघत राहते. "मनाला काय वाटायचं? पोट दुखतंय."

पहिल्या मावशीला गोळा आणि पोरगी यांना जोडणारा धागा ठाऊक आहे. दुसरीच्या हाती तो लागतच नाही. ती काही लपवत नाही, की तिचं काळीज दगडाचं नाही. आत काहीतरी ढवळून निघतंय, पण ते दुःख आहे, राग आहे की धास्ती, हे तिचं तिलाच उमगत नाही. मानसशास्त्रात या अवस्थेला 'अलेक्सिथायमिया' म्हणतात.

हे नाव दिलं पीटर सिफ्निओस यांनी. मूळचे ग्रीक असलेले हे मनोविकारतज्ज्ञ अमेरिकेत बोस्टनला काम करत. मनाशी जोडल्या जाणाऱ्या शारीरिक आजारांचे रुग्ण तपासताना त्यांना आणि त्यांचे सहकारी जॉन नेमाया यांना एक गोष्ट वारंवार दिसली. हे रुग्ण दुखण्याचा बारीकसारीक तपशील सांगत. कुठली गोळी किती वाजता घेतली, तेही सांगत. 'तेव्हा कसं वाटलं?' या प्रश्नावर मात्र गप्प होत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सिफ्निओस यांनी तीन ग्रीक शब्द जोडले: 'अ' म्हणजे नसणं, 'लेक्सिस' म्हणजे शब्द, 'थायमॉस' म्हणजे भावना. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. तो एक स्वभावविशेष आहे, कमीअधिक प्रमाणात आढळणारा. काहींमध्ये तो पहिल्यापासून असतो, तर काहींमध्ये मोठ्या आघातानंतर किंवा दीर्घ आजारपणात येतो.

मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवं. आपली भाषा भावना सांगते तीच मुळी शरीराच्या तोंडून. पोटात खड्डा पडतो, काळजाचं पाणी होतं, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, अंगाचा तिळपापड होतो. म्हणजे 'पोटात गोळा आला' म्हणणाऱ्या माणसाकडे भावनेचा शब्द आहेच. तो शरीरातून आलाय, एवढंच. बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी याच गावची. अशा मुलखातल्या माणसांना भावना सांगता येत नाहीत, असं कुणी सरसकट म्हणू लागला तर ते मी मान्य करणार नाही. पहिली मावशी उत्तम मराठीत आपलं दुःखच सांगत होती.

म्हणूनच मोजमाप जपून करावं लागतं. यासाठी जगभर वापरली जाते ती टोरंटोची 1994 ची मोजपट्टी. तीत 20 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 61 किंवा त्याहून जास्त आली तर अलेक्सिथायमिया धरतात. शरीरात जे होतं ते डॉक्टरांनाही समजत नाही, अशा अर्थाचं एक विधान तीत आहे. चार दवाखाने पालथे घातलेल्या बाईच्या बाबतीत ती साधी वस्तुस्थिती असते. ती मनाची खूण धरायची कशी?

मेंदूतलं कोडंही विलक्षण आहे. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापला होता, अशा 12 रुग्णांमध्ये हॉपे आणि बोगेन यांना 1977 मध्ये याच लक्षणांचं दर्शन झालं. भाषा बहुतेकांच्या डाव्या अर्धगोलात असते. उजवीकडची खळबळ तिथवर पोचली नाही तर तिला शब्द मिळणार कुठून, असा तर्क त्यातून निघाला. पुढच्या संशोधनाने इन्सुला या भागाकडेही लक्ष वेधलं. हृदयाची धडधड, पोटातली कालवाकालव यांची खबर मेंदूत तिथे पोचते.

पण 'सगळं मनाचंच आहे' हे वाक्य फार घातक ठरू शकतं. एकेकाळी पोटातला अल्सरही मनोकायिक आजारांत गणला जाई. 1982 मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू शोधला आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

बीडमध्ये तर शरीर आणि मन यांच्यातला हा तोल सांभाळणं जिवावरचं काम आहे. दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, पालात नाहीतर कोपीत राहायचं, पहाटे उठून फडात जायचं, डोक्यावर मोळी वाहायची, खाडा झाला तर पैसे कापले जाणार. त्या बाईची कंबर खरोखरच दुखत असते. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या आकड्याला मानसशास्त्राचं लेबल लावणं अन्याय होईल. त्यात गरिबी आहे, भीती आहे, वैद्यकीय व्यवहार आहे. एक मात्र दिसतं: दुखरा अवयव दाखवला की तो काढून टाकायला कुणीतरी भेटतं, आणि बाईला बसवून बोलतं करायला सहसा कुणी भेटत नाही.

तसं बोलतं करता येतं, हे शेजारच्या गोव्याने दाखवलंय. 'मानस' प्रयोगात 24 पैकी निम्म्या दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना नेमलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाल्याचं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. मराठवाडा-विदर्भाच्या 14 जिल्ह्यांसाठी राज्याने शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प आणला, त्यात बीडही आहे. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा नंबर 2022 पासून सुरू आहे.

ज्याला भावनेचं नावच सापडत नाही, त्याला 'राग आला का?' विचारून हाती काही लागत नाही. चांगला समुपदेशक शरीरापासूनच सुरुवात करतो. गोळा नेमका कुठे उठतो? सकाळी की रात्री? तेव्हा जवळ कोण असतं? हात काय करत असतात? आठवडाभर फक्त एवढंच बघून या, असं तो सांगतो. लिहिता येत नसेल तर प्रत्येक वेळेला डब्यात एक शेंगदाणा टाकायचा.

मग दुसरी मावशी तिसऱ्या-चौथ्या खेपेला, स्वतःच चकित होऊन, म्हणू शकते, "फोन वाजला की उठतो, साहेब. मुकादमाचा. ह्यांची उचल अजून फिटली न्हाई ना."