जलसाठ्याची एकके व त्यांचे रूपांतर
नद्या, जलाशय व सरोवरे यांतील पाण्याचे घनफळ सांगण्यासाठी वापरण्यात येणारी मोठी एकके. लिटर वा घन मीटर ही नित्याची एकके अशा साठ्यांसाठी गैरसोयीची ठरतात. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली. तथापि सिंचन व पाणीवाटप ह्या क्षेत्रांत फुटावर आधारलेली एकके रूढच राहिली. त्यामुळे एका पद्धतीतील आकडा दुसरीत मांडण्याची गरज वारंवार पडते.

प्रमुख एकके : एक अब्ज (हजार दशलक्ष) घनफूट म्हणजे एक टीएमसी. एक एकर क्षेत्रावर एक फूट खोलीचे पाणी म्हणजे एकर-फूट (४३,५६० घनफूट) व एक हेक्टरावर एक मीटर खोलीचे पाणी म्हणजे हेक्टर-मीटर (१०,००० घ.मी.) होय. यांखेरीज दशलक्ष घन मीटर (दलघमी) व घन किलोमीटर ही एकके प्रचारात आहेत.

रूपांतर : १ फूट = ०.३०४८ मी. घनफळासाठी ह्या गुणकाचा घन घ्यावा लागतो; म्हणून १ घनफूट = ०.०२८३१७ घ.मी. केवळ लांबीचा गुणक वापरल्यास उत्तर सु. १०.७६ पट येते. यावरून १ टीएमसी = २८.३१७ दलघमी = २,८३१.७ हेक्टर-मीटर = २२,९५७ एकर-फूट. घन किलोमीटरमध्ये ‘किलो’ ह्या उपसर्गाचाही घन होतो. म्हणून १ घ. किमी. = १ अब्ज घ.मी. = ३५.३१५ टीएमसी. याउलट दलघमीमधील ‘दशलक्ष’ ही केवळ संख्या असल्याने तिचा घन होत नाही. कोयना धरणाची १०५.२५ टीएमसी ही एकूण साठवणक्षमता २,९८० दलघमी, म्हणजेच २.९८ घ. किमी. भरते. विसर्गाशी सांगड घालावयाची झाल्यास, सेकंदास ११,५७४ घनफूट (क्यूसेक) प्रवाह २४ तास राहिला, तर १ टीएमसी पाणी जमते.

अचूकतेचे महत्त्व : बचावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७३ मध्ये २,०६० टीएमसी पाण्यापैकी महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व तत्कालीन आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी दिले. महाराष्ट्राचा वाटा १५,८५७ दलघमी होतो. सोयीसाठी २८ हा गुणक घेतल्यास तो १५,६८० दलघमी येतो. ही १७७ दलघमींची तूट सहा टीएमसींहून अधिक असून ती एका मध्यम धरणाच्या साठ्याएवढी आहे. म्हणून अशा गणितात गुणक पूर्ण घेऊन अंतिम उत्तरच पूर्णांकात आणणे इष्ट असते.