आरएक्स १०० की राजदूत ३५०? पैसे मोजायच्या आधी

आजचा विषय आमच्या जालन्याच्या घरातूनच आलाय. मी इंजिनीअरिंगला गेलो तेव्हा बाबांनी त्यांची आरएक्स १०० विकली. आता नोकरीला पाच-सहा वर्षं झाली, म्हटलं त्यांना परत एक घेऊन द्यावी. पण शोधता शोधता मीच राजदूत ३५० च्या प्रेमात पडलो.

दोन्ही यामाहाच्या, आणि आपल्याकडे दोन्ही एस्कॉर्ट्सने बनवल्या. राजदूत म्हटलं की दूधवाल्याची १७५ आठवते, ती वेगळी. १९८३ ला आलेली ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. एचटी मॉडेलला ३०.५ बीएचपी, नंतर मायलेजसाठी काढलेल्या एलटीला २७. आरएक्स १९८५ ची. एक सिलिंडर, ९८ सीसी, चार गिअर, ११ बीएचपी. कागदावर सामना एकतर्फी आहे.

पण दोन्ही टू-स्ट्रोक. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, फोर-स्ट्रोकला तोच दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणून एवढीशी आरएक्स अशी उसळते, वजन शंभर किलोच्या आसपास, ओढायलाच काही नाही. राजदूत आधी शांत असते, आरपीएम चढला की एकदम झेपावते. आणि थांबवायची कशी? जपानमधल्या आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम दिला. ड्रम आरएक्सलाही आहे, पण ११ बीएचपीला तो पुरतो. संभाजीनगर रोडवर उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला तर? बाबा साठीचे आहेत.

दुसरं, देखभाल. दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्बोरेटर, पॉइंटचे दोन सेट. मेळ बसला नाही की एक सिलिंडर जास्त तापतो आणि पिस्टन धरतो. आरएक्स खोलणारा मेकॅनिक मला गल्लीत सापडला, राजदूतसाठी पुण्यापर्यंत फोन लावले. (आमच्या ऑफिसात जुन्या कोडचं असंच असतं, लिहिणारा कधीच सोडून गेलेला.)

आता कागदपत्रं, इथेच लोक फसतात. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं. कुणी ‘१९९९ ची आरएक्स १००’ दाखवली तर ती बहुतेक १३५ असते, स्टिकर बदललेली. एमएच ने सुरू होणारे नंबर १९८९ पासूनचे. त्यामुळे ‘१९८५ ची राजदूत’ एमएच-२१ नंबरवर दिसली, तर नंबर कधी आणि का बदलला ते विचारा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवर विश्वास नको. ‘व्हिंटेज आहे, नोंदणीची कटकट नाही’ असं एजंट म्हणतात. २०२१ च्या नियमात व्हिंटेजला ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे सगळ्यात जुनी राजदूत ३५० सुद्धा २०३३ ला. तोवर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स आहेच.

शेवटी बाबांनाच विचारलं. म्हणाले, “राजदूतला किक मारायला तू येणार का पुण्याहून?”

अंबडला एक आरएक्स आहे म्हणतात. रविवारी चेसिस नंबर बघायला चाललोय.