किराण्याचा हिशेब: छापील किंमत आणि ताटातला भाव

पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, सरकार ठरवून देते असे अनेकांना वाटते. दरनियंत्रणाखालची औषधे वगैरे मोजके अपवाद सोडले, तर ती उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ठरवतो. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम एवढेच सांगतात की किंमत सर्व करांसह छापलेली असावी आणि तिच्याहून जास्त पैसे घेऊ नयेत. कमी घ्यायला कसलीच आडकाठी नाही. त्यामुळे ‘३० टक्के सूट’ ही बाजारभावावरची सूट नसते. उत्पादकाने आपणच आखलेल्या वरच्या रेषेपासून ती मोजलेली असते, आणि सुकामेवा, डाळी किंवा धुण्याच्या पावडरीच्या पाकिटांवर ही रेषा पुष्कळदा चांगलीच वर असते. वस्तू खरोखर स्वस्त पडली का, हे किलोमागे किंवा लिटरमागे किती पैसे गेले आणि त्यातले किती ताटापर्यंत पोचले, यावरून ठरते. सुटीच्या टक्क्यावरून ते कळत नाही.

मोठे पाकीट स्वस्तच पडते, हा असाच एक पक्का समज. बरेचदा तसे असतेही. पण नेहमी नसते, आणि ते तपासायची सोय आता पाकिटावरच आहे. २०२१ मध्ये वरील नियमांत झालेल्या दुरुस्तीने एक किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमची आणि त्याहून मोठ्यावर दर किलोची किंमत छापणे बंधनकारक केले. एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरांत असलेला हा आकडा फारसे कोणी वाचत नाही. तो एमआरपीवरून काढलेला असतो, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. दुकानदाराने भाव कमी लावला असेल तर भागाकार पुन्हा करावा लागतो. त्याच दुरुस्तीने दुसरी एक गोष्ट केली, जी गिऱ्हाइकाच्या फारशी सोयीची नाही. पूर्वी बिस्किटे, चहा, मीठ, खाद्यतेल, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. ती सक्ती उठली. म्हणून अर्ध्या किलोच्या पुड्याशेजारी ४८० ग्रॅमचा पुडा तितक्याच दिमाखात मांडलेला दिसतो, आणि दहा रुपयांचा बिस्किटपुडा दहा रुपयांनाच राहून आतून हलका होत जातो. शाम्पूचे गणित तर उलटेच आहे. अनेक ब्रँडांची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते, कारण कंपन्यांची खरी चुरस त्या किमतीला चालते.

एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल, असे सर्रास धरले जाते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे लिटरभर तेलाचे वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरते. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण पहिल्यात सव्वा किलोहून अधिक तेल कमी असते. तापवले की तेल फुगते, याचाही फायदा घेतला जात असे: चढ्या तापमानाचा उल्लेख करून आकारमान छापायचे, म्हणजे कमी तेलातही लिटर पुरा होतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून आकारमानासोबत वजनही छापायला सांगितले. दोन पिशव्यांची तुलना करायची ती या वजनावरून.

सुटे आणि पाकीटबंद यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. धान्यावर जीएसटी लागला म्हणजे सगळ्याच धान्यावर लागला, हा पहिला. १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के कर आहे तो आधीच बांधून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी आणि पिठांवर. वाण्याने गिऱ्हाइकासमोर पोत्यातून मोजून दिलेल्या तूरडाळीवर तो नाही. (तांदळाच्या २६ किलोच्या विचित्र वजनाच्या गोण्या बाजारात का आल्या, याचे उत्तरही यातच आहे.) पण सुटे तेवढे स्वस्त, हेही खरे नाही, निवडताना खडे, कोंडा, फोलकटे किती निघतात ते वजा करून भाव काढावा लागतो. शिवाय दळलेले मसाले आणि खाद्यतेल सुटे विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, आणि ती भेसळीमुळेच आहे. सुट्या मिरचीपुडीत किंवा तेलात वाचलेले दोन पैसे ही बचत म्हणून धरू नयेत. करकपातीचा हिशेबही अनेकदा चुकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून पाचवर आला, तेव्हा किंमत १३ टक्क्यांनी उतरायला हवी होती असे अनेकांचे म्हणणे होते. मूळ किंमत १०० धरली तर आधी ११८ रुपये पडत, आता १०५ पडतील. ११८ मधून १३ जाणे म्हणजे ११ टक्के.

वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरून ठेवले की हमखास पैसे वाचतात, ही महाराष्ट्रातल्या घरांची जुनी श्रद्धा आहे आणि गव्हापुरती ती पुष्कळशी खरी आहे. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, ऊन कडक असते, दाणा चांगला वाळवून कोठीत घालता येतो, एरंडेल चोळले की पावसाळा निभावतो. पण ही बचत कोठीच्या झाकणावर अवलंबून असते. समजा, क्विंटलभर गहू किलोमागे चार रुपये कमी देऊन ३५ रुपयांनी घेतला, तर ४०० रुपये वाचले. त्यातला पाच किलो टोक्यांनी पोखरला तर १७५ रुपये गेले. १२ किलो गेला तर वाचलेले सगळेच गेले, वर उन्हात घालण्याचे आणि चाळण्याचे कष्ट. दोन माणसांच्या घरात, जिथे महिन्याला पाच-सहा किलो पीठही लागत नाही, तिथे हा व्यवहार बहुधा आतबट्ट्याचा असतो.

तांदळाला मात्र साठवणीचा वेगळाच फायदा आहे: जुना झाला की तो मोकळा शिजतो, म्हणून जुन्या तांदळाला बाजारात जास्त भाव असतो. डाळींचे तसे नाही. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, लातूर-अकोल्याच्या डाळगिरण्यांतून तिची डाळ होते, आणि तोवर भाव उतरलेला असेलच असे नाही. देशात पिकते त्याने भागत नाही. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया येथून तूर येते आणि आयातीचे धोरण बदलले की सहा महिन्यांत भाव खाली येऊ शकतो. घरात भरलेली वर्षाची डाळ तेव्हा महाग ठरते. अख्ख्या कडधान्याला भुंगा लवकर लागतो, डाळीला तुलनेने उशिरा. रवा, पोहे, बेसन आणि शेंगदाणे हे तर वर्षासाठी भरायचे जिन्नसच नाहीत. त्यांना जाळी धरते किंवा ते खवट होतात, आणि खवट दाण्याचे कूट उपासाच्या खिचडीलाही चालत नाही.

कांद्याबाबत चूक होते ती जातीची. स्वस्त दिसला की पोते घ्यावे, या सल्ल्यात कुठला कांदा हे सांगितलेले नसते. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या सुमारास यायला लागतो. त्यात पाण्याचा अंश जास्त, पत्ती सैल, तो काही आठवड्यांतच मऊ पडतो किंवा त्याला कोंब येतात. टिकतो तो उन्हाळ कांदा. मार्चअखेरपासून मेपर्यंत तो निघतो, नाशिक जिल्ह्यातले शेतकरी चाळीत भरतात आणि लासलगावसारख्या बाजारांत पावसाळाभर थोडाथोडा आणतात. चाळीतला माल सरत आला आणि नवा लाल कांदा पावसाने लांबला, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव चढतो. बातम्यांत दरवर्षी अचानक म्हणून सांगितली जाणारी ही वाढ बहुतेकदा अचानक नसते. घरात साठवायचा तर मे महिन्यातला, मान पूर्ण वाळलेला उन्हाळ कांदा, हवेशीर जागी पसरून, बटाट्यापासून दूर. प्लास्टिकच्या पिशवीत तो महिनाभरही टिकत नाही. चाळीतसुद्धा वजनाची घट आणि सड चुकत नाही, हे धरूनच पोते घ्यायचे की नाही ते ठरवावे.

तारीख उलटली की वस्तू फेकायची, याने पुष्कळ चांगले अन्न वाया जाते. आणि तारखांकडे पाहायचेच नाही, याने आजारपण येते. पाकिटावर दोन वेगळ्या प्रकारच्या तारखा असू शकतात. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे: तोवर चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील एवढेच ती सांगते, आणि नीट ठेवलेली वस्तू त्यानंतरही खाण्याजोगी असू शकते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही शेवटची तारीख. ती उलटल्यावर खाणे नाही आणि विकणेही नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनी ही दुसरी तारीख सक्तीची केली आणि पहिली ऐच्छिक ठेवली.

महाग पिशवीतले दूध जास्त पौष्टिक, असेही मानले जाते. टोन्ड दुधात किमान तीन टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के इतर घन पदार्थ असतात, फुल क्रीममध्ये सहा आणि नऊ. प्रथिने आणि कॅल्शियम त्या इतर घन पदार्थांत असतात, म्हणजे त्यांत फरक नाममात्र. दुप्पट होते ती साय. जास्तीचे पैसे लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम स्निग्धांशाचे आहेत. घरी साय विरजून तूप काढले जात असेल, तर तेवढ्या तुपाच्या भावाशी त्यांची तुलना करता येते. तूप काढतच नसतील, तर टोन्ड दूध पुरते.

स्वयंपाकाच्या गॅसवर सर्वांत जास्त उधळपट्टी करणारा समज म्हणजे शिट्ट्या मोजणे. कुकरमध्ये डाळ दाबामुळे चढलेल्या तापमानाने आणि वेळेने शिजते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर जाणे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून मिनिटे मोजली तर डाळ तितकीच मऊ होते. उघड्या भांड्यातही तेच: पाणी एकदा उकळले की मोठ्या आचेने ते अधिक गरम होत नाही, फक्त लवकर आटते.

इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त आहे की महाग, यावर ठाम मते दोन्हीकडे ऐकू येतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चांगल्या शेगडीवर तिच्यातली ६८ टक्क्यांच्या आसपास भांड्याला मिळते. इंडक्शनवर विजेतली साधारण ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरचे काम करायला अंदाजे १४५ युनिट लागतात. सिलिंडर ८७० रुपयांना पडत असेल, तर युनिट सहा रुपयांच्या आत पडल्याशिवाय इंडक्शन परवडत नाही.

आता हा युनिटचा दर कोणता धरायचा, इथे वीजबिलाबद्दलचा गैरसमज आडवा येतो. १०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, अशी भीती अनेकांना असते. महावितरणच्या घरगुती बिलात तसे होत नाही. पहिले १०० युनिट खालच्याच दराने धरले जातात आणि १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांना पुढचा दर लागतो. म्हणून १०१वे युनिट जळाल्याने बिल एकदम उडी मारत नाही. पण स्वयंपाकासाठी वाढणारे युनिट आधीच्या वापराच्या वर जाऊन बसतात, त्यामुळे त्यांना लागणारा दर वरच्या टप्प्याचाच असतो. त्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवावे लागते. स्थिर आकार सोडून द्यावा, कारण तो इंडक्शन नसतानाही भरावाच लागतो. महिन्याला ५० युनिट वापरणाऱ्या एकट्या माणसाला म्हणूनच इंडक्शन गॅसच्या आसपासच्या खर्चात बसू शकते, तर २०० युनिटांच्या घरात तीच शेगडी गॅसपेक्षा महाग ठरण्याची शक्यता अधिक.