इंग्रजीचा पेपर अवघड वाटतो? निम्मी तयारी मराठीच्या तासालाच झालेली असते

दहावीचं वर्ष आलं की मराठी माध्यमाच्या मुलांना धास्ती असते ती इंग्रजीची. गाईड आणून उत्तरं घोकली जातात, पण प्रश्न जरा फिरवून आला की जागा कोरी राहते. खरं तर मराठी व्याकरणात शिकलेलं बरंच काही इंग्रजीतही चालतं. कसं ते पाहू.

शब्द फोडून बघा
'शक्य'ला 'अ' लावला की 'अशक्य' होतं. तसंच 'पॉसिबल'ला 'इम' लावला की 'इम्पॉसिबल' आणि 'हॅपी'ला 'अन' लावला की 'अनहॅपी'. विरुद्धार्थी शब्दांची ही किल्ली आहे. शब्द अनोळखी असेल तर मागचं-पुढचं वाक्य वाचा, अंदाज येतो.

क्रियापदाची जागा
'शेतकरी आंबे विकतो' यात क्रियापद शेवटी आहे. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं : 'द फार्मर सेल्स मँगोज.' बहुतेक चुका इथेच होतात.

प्रश्नातच उत्तराची सुरुवात
'व्हाय डिड द बॉय रन?' यात 'डिड' आहे, म्हणजे भूतकाळ. 'व्हाय' आहे, म्हणजे कारण हवं. उत्तराची सुरुवात तयार झाली : 'द बॉय रॅन बिकॉज...' पुढचं कारण उताऱ्यातून उचला. 'डिड रॅन' लिहू नका. 'डिड' गेला की मगच 'रन'चं 'रॅन' होतं.

कर्तरी-कर्मणी
'शेतकऱ्याकडून आंबे विकले जातात' हे मराठीत सहज जमतं. इंग्रजीत तीन पायऱ्या लक्षात ठेवा : कर्म पुढे आणा, काळ बघून 'इज, आर, वॉज, वेअर' यांतलं योग्य ते लावा, मग क्रियापदाचं तिसरं रूप लिहा. 'मँगोज आर सोल्ड बाय द फार्मर.'

कवितेचे 5 गुण सोडू नका
रसग्रहणात शीर्षक, कवी, यमक, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना लिहायची असते. पहिल्या दोन गोष्टी पाठ करा. यमकासाठी ओळींचे शेवटचे शब्द मोठ्याने म्हणा. ज्यांचा आवाज जुळतो त्यांना सारखंच अक्षर द्या : ए, ए, बी, बी. 'ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन' म्हणजे सिंहासारखा शूर. ही आपली उपमाच, इंग्रजीत तिला 'सिमिली' म्हणतात. अनुप्रासाला 'ॲलिटरेशन' आणि रूपकाला 'मेटॅफर'.

पालकांनी काय करावं?
स्वतःला इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. रोज रात्री पोराला एक उतारा मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "यात काय सांगितलंय ते मला मराठीत सांग." त्याला सांगता आलं, तर त्याला कळलंय. नाही आलं, तर ते वाक्य वहीत उतरवून घ्यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना विचारायला पाठवा.

लेखी पेपर 80 गुणांचा असतो. मोडकंतोडकं का होईना, उत्तर लिहिलं तर गुण मिळण्याची आशा असते. कोऱ्या जागेला शून्यच.